नवे घर आणि विटा पाडणाऱ्यांचा हिशेब

(शास्त्रपाठ : यिर्मया 22:13–17, अनुवाद 22:8, यशया 65:21, 22)



भिवंडी तालुक्यातील आमच्या मंडळीमध्ये एक कातकरी कुटुंब यंदा नवे घर बांधीत आहे. ही जुन्या घराची डागडुजी नव्हे. कुडाच्या भिंती व कौले उतरवून, जागा मोकळी करून, पायाच्या चरापासून सर्व काही नव्याने चालले आहे. घरात एक म्हातारी आई, तिचा मुलगा, सून व तीन लेकरे आहेत. आई व तिचा परलोकवासी पती यांनी आयुष्याची वीस-बावीस वर्षे वीटभट्टीवर काढिली. दिवाळी सरली की बोचके बांधून भट्टीवर जावे व पावसाच्या तोंडाला परत यावे, असा त्यांचा क्रम असे. मुलगा सातवीपर्यंत शिकला, काही वर्षे शहरात यंत्रमागावर राबला, आणि आता नाशिकच्या रस्त्यावरील एका गोदामात हमाली करतो. भाताच्या खाचरांवर जी ही अवाढव्य गोदामे उठली आहेत, ती आपण सर्व येता-जाता पाहतोच.

घरास पैसा कोठून आला, असे कोणी विचारील. 2016 साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरास 1 लाख 20 हजार रुपये साह्य ठरले, आणि घर किमान 25 चौरस मीटरचे असावे असा नियम झाला. पुढे 2023 च्या नोव्हेंबरात आदिम जमातींसाठी जनमन योजना निघाली, तिच्यात हे साह्य 2 लाख रुपये ठरविण्यात आले. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती तिच्यात येतात. हा पैसा एकदम हाती पडत नाही. काम जसजसे चढेल तसतसा हप्त्याहप्त्याने बँकेतील खात्यावर जमा होतो. त्यात मुलाने आपली शिल्लक घातली, आणि सुनेने बचत गटातून थोडे कर्ज घेतले. इतके पाठबळ असूनही हात आखडूनच काम करावे लागते, हे ज्याने घर बांधले आहे त्यास सांगणे नको.

पायाभरणीच्या दिवशी मला प्रार्थनेसाठी बोलाविणे आले. मी मत्तयाच्या सातव्या अध्यायातील दोन घरांचा दृष्टांत काढून सज्ज होतो. परंतु माझ्या आधी मिस्त्रीनेच उपदेश केला. दोन फूट चर झाल्यावर मुलाने विचारिले, “मिस्त्री, एवढे पुरे ना?” मिस्त्री चरात उतरला, मूठभर माती घेऊन तिचा गोळा वळला आणि म्हणाला, “ही खाचराची चिकणमाती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. हिच्यावर भिंत उभी कराल, तर दोन-तीन पावसाळ्यांत तिला चीर जाईल. मुरूम लागेपर्यंत खणा.” आणखी दोन दिवस खणावे लागले. या दृष्टांतात लूक एक गोष्ट अधिक सांगतो, ती ही की त्या शहाण्या मनुष्याने खोल खणले होते. आमच्या मुसळधार पावसाच्या मुलखात या शब्दाचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही.

परंतु आज मला पायाविषयी बोलावयाचे नाही. पायावर आपण पुष्कळ उपदेश ऐकिले आहेत. विटांवर मात्र एकही ऐकिला नाही, आणि मीही आजवर केला नाही.

जोते झाल्यावर विटांची पहिली गाडी आली. एकंदर आठ हजार विटा लागावयाच्या होत्या, त्यांतील दोन हजार त्या दिवशी उतरल्या. म्हातारी ढिगापाशी बसून त्या पारखू लागली. दोन विटा एकमेकींवर आपटाव्या. खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर कच्ची. असे करता करता तिने एक वीट हाती धरून ठेविली. तिच्या कडेवर बोटांचे चार ठसे होते. ओल्या विटेवर जे उमटते ते भट्टीत भाजून कायमचे होते. ती मला म्हणाली, “पाळकसाहेब, ही वीट मोठ्या माणसाने उलटलेली नाही. हा हात सहा-सात वर्षांच्या पोराचा आहे. आईबाप विटा पाडतात आणि पोरे त्या वाळायला उलटतात. पोर हलके असते, ओळीतून चालले तर वीट मोडत नाही. माझ्या या मुलाची बोटेदेखील कोणाच्या तरी भिंतीत आहेत.”

बंधूंनो, मी धर्मशिक्षणाच्या शाळेत इब्री भाषेची मुळाक्षरे शिकलो, यिर्मयाच्या ग्रंथावर परीक्षा दिली. परंतु बाविसावा अध्याय मला त्या ढिगापाशी समजला. यहूदाचा राजा यहोयाकीम याने ख्रिस्तपूर्व 609 ते 598 या काळात राज्य केले. देशावर मिसरच्या राजाची खंडणी बसली होती, आणि ती भरण्यासाठी लोकांवर कर लादिला होता. अशा दिवसांत या राजाने आपणासाठी विस्तीर्ण वाडा उभारिला. प्रशस्त माड्या, मोठमोठ्या खिडक्या, गंधसरूची तक्तपोशी आणि वर हिंगुळाचा लाल रंग! संदेष्टा त्याच्यावर हाय हाय करितो. परंतु कशासाठी, हे नीट वाचून पाहा. माडी उंच झाली म्हणून तो राजाला दोष देत नाही. राजाने आपल्या शेजाऱ्याकडून काम करून घेतले व त्याचे वेतन दिले नाही, हा त्याचा अपराध आहे. राजाच्या बापाची, योशीयाची, तो आठवण देतो. तोही खात होता, पीत होता, सुखात होता. तथापि गरिबाचा व दुबळ्याचा न्याय करीत असे. आणि देवाला ओळखणे ते हेच, असे संदेष्टा म्हणतो. घर बांधणे हे पाप नव्हे. ऐसपैस घरही पाप नव्हे. ज्याच्या हातांनी ते उभे राहिले, त्याच्याशी आपला हिशेब कसा आहे, एवढेच तो विचारितो.

येथे कोणी म्हणेल, “आम्ही का राजे आहो? आमचे घर ते केवढे? भट्टीवाला मजुरांशी कसा वागतो, ते तो जाणे व देव जाणे. आम्ही विटांचा रोख भाव मोजला, आमचे देणे फिटले.” मीही असेच म्हणत होतो. काही वर्षांमागे आमच्या उपासनामंदिराच्या आवाराची भिंत बांधिली, तेव्हा मी स्वतः घासाघीस करून विटांचा दर हजारामागे कमी करून घेतला, आणि वार्षिक सभेत ती काटकसर म्हणून वाचून दाखविली. सभेने माझे आभार मानिले. तो कमी झालेला पैसा भट्टीवाल्याच्या नफ्यातून गेला की विटा पाडणाऱ्या जोडप्याच्या मजुरीतून, हे मी विचारिले नाही, आणि सभेनेही विचारिले नाही.

जोडपे पहाटे अंधारातच माती कालवावयास लागले, तर दिवसभरात हजाराच्या आसपास विटा पाडते. म्हणजे आठ हजार विटा हे एका नवराबायकोचे आठ दिवसांचे राबणे झाले, लेकरांचे हात त्यात वेगळे. पवित्र शास्त्र विटांच्या या कष्टास चांगले ओळखते. मिसरात इस्राएल लोकांनी फारोसाठी हेच केले. तेथे मातीत गवताची काडे घालीत, आमच्याकडे भाताचा तूस घालितात, इतकाच भेद. काडे देणे बंद केले आणि विटांची संख्या तीच ठेविली, तेव्हा त्या लोकांनी कोणापाशी रड गाइली, हे निर्गमाच्या पाचव्या अध्यायात आहे. पुढे सीनायापाशी ज्यांस नियमशास्त्र मिळाले, ते हेच वीट पाडणारे लोक होत. मजुराचे वेतन रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये, सूर्य मावळण्यापूर्वी ते द्यावे, अशा आज्ञा त्यांस झाल्या. भट्टीवर सहा महिने हिशेबाची वाट पाहिलेल्या माणसाला या आज्ञा कशासाठी आहेत ते विचारा. तो आपणांस टीकाग्रंथांपेक्षा चांगले सांगेल.

दुसऱ्या दिवशी मुलगा, आमचे सुवार्तिक मास्तर व मी असे तिघे त्या भट्टीवर गेलो. मालक उद्धट नव्हता. त्याने खुर्च्या दिल्या, चहा मागविला. भट्टीच्या कडेला मजुरांचे भोंगे होते; आत शिरताना कमरेत वाकावे लागते आणि आत गेल्यावरही ताठ उभे राहता येत नाही. एका जोडप्यापाशी बसून मास्तरांनी विचारपूस केली. पावसाळ्यात घरी चूल थंड असताना त्यांनी उचल घेतली होती. नवरा म्हणाला पंधरा हजार. मालकाच्या वहीत वीस होते. दर आठवड्यास खर्ची मिळते, तिच्यात मीठमिरची होते. उरलेला हिशेब पावसाळ्यापूर्वी. नवऱ्याची आई पाड्यावर आजारी होती, पण काम अडेल म्हणून त्याला जाऊ दिले नव्हते. बाई माती तुडविता तुडविता ऐकत होती. तिने मुलाला विचारिले, “या विटा कोणाच्या घराला?” तो म्हणाला, “माझ्या.” ती म्हणाली, “तू कोण?” त्याने सांगितले. त्यावर ती हसली आणि म्हणाली, “कातकऱ्याचे विटांचे घर?” आणि पुन्हा माती तुडवू लागली.

परतताना मुलगा बोलेना. वाटेत एवढेच म्हणाला की, माझ्या बापाने एका वर्षी पूर्ण हंगाम विटा पाडिल्या, आणि अखेरच्या हिशेबात त्याच्याच अंगावर देणे निघाले.

घरी आल्यावर त्याने ठरविले की, उरलेल्या सहा हजार विटा दुसऱ्या भट्टीवरून घ्याव्या. मास्तरांस अशी एक भट्टी ठाऊक होती, जेथे दर आठवड्यास पूर्ण हिशेब होतो व लेकरे शाळेत जातात. तेथील विटा हजारामागे काही रुपये महाग आहेत. मला हा निर्णय फार आवडला, आणि यावर आपला उपदेश संपला असे मी मनात धरून चाललो. परंतु म्हातारीने विचारिले, “तुम्ही दुसरीकडून विटा घ्याल. मग त्या बाईचे काय?” मजपाशी उत्तर तयार नव्हते. आपले हात स्वच्छ राखणे आणि शेजाऱ्याचा न्याय करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि यिर्मया दुसरीविषयी बोलतो.

म्हणून सुवार्तिक बंधूंस येथे काही कामाची माहिती देतो. 1976 च्या वेठबिगार पद्धती उच्चाटन कायद्याप्रमाणे, उचलीच्या पायी ज्याला काम सोडून जाता येत नाही, दुसरीकडे मजुरी करता येत नाही, असा मनुष्य वेठबिगार ठरतो, आणि तो ठरताच त्याच्यावरील ते कर्ज कायद्याने बुडते. ते वसूल करू पाहणे हाच गुन्हा होय. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, ज्यांस आपण प्रांतसाहेब म्हणतो, करिता येते. चौकशीत सिद्ध झाल्यास मुक्ततेचा दाखला मिळतो. 2016 साली केंद्र सरकारने मुक्त झालेल्या माणसांच्या पुनर्वसनाची रक्कम वाढविली, ती प्रौढ पुरुषास 1 लाख रुपये, व स्त्रिया आणि मुले यांस 2 लाख. हा दाखला जपून ठेवावा, कारण पुढील सर्व काही त्याच्यावर चालते. तसेच 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक लेकरास शाळा आहे, मग त्याचे आईबाप हंगामापुरते कोठेही गेलेले असोत. आमच्या ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवून दाखविल्या. तेव्हा हे होत नाही असे कोणी म्हणू नये. आपल्यातील पुष्कळ मास्तरांस अर्ज लिहिता येतो. मजुरांच्या उचलीची एक वही त्यांच्याच घरी राहील अशी लिहून देता येते. एवढ्यानेही वहीतल्या पंधराचे वीस होणे कठीण होते. त्या जोडप्याच्या संमतीने आमच्या मास्तरांनी अर्ज केला आहे. चौकशी अजून व्हावयाची आहे.

दुसऱ्याच्या भट्टीकडे बोट दाखविणे मात्र सोपे असते. त्याच सुमारास घरावरील बिगाऱ्यांची मजुरी दोन शनिवार तटली. बँकेत हप्ता आला नव्हता. मुलगा मिस्त्रीस म्हणाला, “हप्ता आला की देतो.” मिस्त्री भला मनुष्य, तो काही बोलला नाही. परंतु बिगारी बायकांपैकी एकीने शनिवारी संध्याकाळी म्हातारीपाशी पावशेर तांदूळ उसने मागितले, तेव्हा घरात गोष्ट कळली. सुनेपाशी बचत गटाचे पैसे होते. ते दर्शनी भिंतीच्या लाद्यांसाठी व दारावरील कमानीसाठी राखून ठेविले होते. म्हातारी मुलाला म्हणाली, “आपण भट्टीवर जाऊन त्या मालकाची वही तपासून आलो. आता आपली वही काढ.” त्या रात्रीच दोन्ही आठवड्यांची मजुरी चुकती झाली. कमान होणार नाही. सुनेला त्याचे वाईट वाटले, आणि ते वाटणे साहजिक आहे. तिने शहरातील एका घराला तशी कमान पाहिली होती. मास्तर लोकांस माझी विनंती आहे की, नव्या घरी प्रार्थनेस जाल तेव्हा पाया कोठवर खणला हे जसे आवडीने विचारिता, तसे शनिवारची मजुरी दिली काय, हेही विचारावे. घरधन्यास राग आला तरी विचारावे.

आता अनुवादातील एका लहान आज्ञेविषयी बोलून संपवितो. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी वरून पडल्यास त्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल, असा तिचा भाव आहे. सर्व नियमशास्त्रात मला ही आज्ञा फार घरगुती वाटते. आमच्याकडे पूर्वी कौलांवर कोण चढणार! आता स्लॅब झाले, आणि वर भात वाळते, सुकट वाळते, उन्हाळ्यात लेकरे निजतात. मुलाच्या मनात पैसा वाचविण्यासाठी कठडा पुढल्या वर्षी करावा असे होते. तसेच टेकू भाड्याचे होते, म्हणून ते लवकर काढावे असेही होते. मिस्त्रीने साफ नकार दिला. स्लॅब वरून सुकलेला दिसला तरी आतून भरत असतो. त्याला पाणी मारीत राहावे लागते, आणि टेकू वेळेआधी काढला तर पुढे तो केव्हा दगा देईल त्याचा नेम नाही.

भिवंडीत राहणाऱ्यांस याचे दुसरे प्रमाण नको. 21 सप्टेंबर 2020 रोजी पहाटेच्या अंधारात पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. 35 हून अधिक माणसे मेली, त्यांत लहान मुले पुष्कळ होती. कित्येक दिवस ढिगारा उपसण्याचे काम चालले होते. कोणाचे काय चुकले हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, माझे नव्हे. परंतु घराला रक्ताचा दोष लागू शकतो, हे शास्त्रवचन त्या आठवड्यात आमच्यातील अनेकांस नव्याने वाचावे लागले. कठडा हा पाहुण्याच्या लेकरासाठी असतो, शेजाऱ्यासाठी असतो, जो अजून आपल्या घरी आलाच नाही त्याच्यासाठी असतो. या कुटुंबाने तो याच वर्षी करावयाचे ठरविले आहे. आतून गिलावा मात्र एकाच खोलीला होईल.

ती चार बोटांची वीट म्हातारीने आठवण म्हणून बाजूला ठेविली असेल, असे मला वाटले होते. मी विचारिले तेव्हा ती म्हणाली, “कशाला? चांगली भाजलेली वीट आहे. मिस्त्रीला दिली.” ती आता पश्चिमेच्या भिंतीत, खिडकीखाली कोठेतरी आहे. यशयाच्या पासष्टाव्या अध्यायात देव आपल्या लोकांस जे वचन देतो, ते मी तिला त्या भिंतीपाशी वाचून दाखविले. त्या दिवसांत घरे बांधणारेच त्यांत राहतील. एकाने बांधावे व दुसऱ्याने वस्ती करावी असे होणार नाही. तिने ते पुन्हा एकदा वाचावयास सांगितले. मग म्हणाली, “हे त्या बाईला कोणी वाचून दाखविले आहे का?”

स्लॅब पडून आज नऊ दिवस झाले. सून व मोठी मुलगी रोज सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून पाणी आणून वर ओतितात. टेकू अजून उभे आहेत. ते निघाल्यावर येणाऱ्या रविवारी संध्याकाळी समर्पणाची प्रार्थना होईल. मिस्त्री, त्याचे बिगारी व दुसऱ्या भट्टीवरील मजूर यांस निमंत्रण गेले आहे, आणि पहिली पंगत त्यांची बसेल असे म्हातारीने सांगून ठेविले आहे. पहिल्या भट्टीवरील त्या जोडप्यास बोलाविण्यास मास्तर स्वतः जाणार आहेत. त्यांना एका संध्याकाळची मोकळीक मिळते की नाही, ते अजून कळावयाचे आहे. मंडळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी.